भुंकणारा कुत्रा परत न घेण्याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक,
बालपुनर्वसन विभाग,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : मुलीकडील भुंकणारा कुत्रा तिच्याकडेच राहू देणेबाबत.

संदर्भ : १) खेळणी परत घेण्याबाबतचा आपल्या कार्यालयाचा आदेश.
२) माझे यापूर्वीचे दोन अर्ज (दोन्ही न स्वीकारता परत).
३) निर्लेखन समितीसमोर मी लिहून दिलेले हमीपत्र.

महोदय,

माझा पहिला अर्ज विषय एका ओळीत बसत नाही म्हणून आवक खिडकीवरून परत आला. दुसऱ्या वेळी तेथील कर्मचाऱ्यांनी अर्ज वाचला व सांगितले, "बाई, रडगाणं नको, मुद्दे लिहा. साहेब मुद्दे वाचतात." त्यानुसार हा तिसरा अर्ज मुद्देनिहाय सादर करीत आहे. जिथे मुद्दा सुटून मन मोकळे झाले असेल तिथे क्षमा असावी, पण वाचायचे सोडू नये ही विनंती.

१. अर्जदार शहर बससेवेत वाहक आहे. घरी मी, माझ्या सासूबाई व माझी आठ वर्षांची मुलगी अशा तिघी असतो. मुलीचे वडील बांधकामावर परगावी असतात. मुलीचे कागदोपत्री नाव आपल्या पुनर्वसन केंद्राच्या नोंदीत आहेच. घरात तिला भिंगरी म्हणतात. हे नाव आजीने ठेवले, कारण जन्मापासून तिचे अंग जागचे हलत नसले तरी डोळे घरभर भिरभिरत असतात. कोण आले, कोण रुसले, कोणी कपाट उघडे टाकले, हे तिला सर्वांच्या आधी कळते. तिला उत्तम ऐकू येते व सगळे समजते. बोलता येत नाही, हातात काही धरता येत नाही आणि (हा मुद्दा या अर्जाचा पाया आहे) तिला जोर लावून खोकता येत नाही. घशात कफ अडकला तर कोणीतरी धावत जाऊन तिला कुशीवर वळवावे लागते व तोंड साफ करावे लागते. हे वेळेत झाले तर पुढच्या क्षणी ती हसते. वेळेत झाले नाही तर काय होते, ते मुद्दा क्रमांक ७ मध्ये आहे.

२. मी ड्यूटीवर असताना सासूबाई तिला सांभाळतात. त्यांचे कान तिखट आहेत, पण डोळ्यांत मोतीबिंदू. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, ती साधली नाही. भिंगरीचा चेहरा लाल झाला की निळा, हे त्यांना दारात उभे राहून दिसत नाही. "हिच्याकडे नजर आहे आणि आवाज नाही, माझं नेमकं उलटं. आम्ही दोघी मिळून एक धड बाई आहोत," असे त्या स्वतःच सांगतात. तरी या धड बाईने माझे घर इतकी वर्षे सांभाळले, ते कशाच्या जोरावर, हे पुढे येत आहे.

३. आपल्या केंद्रात खेळणीघर आहे, म्हणजे होते. तेथील व्यवसायोपचार तज्ज्ञांना मुले खेळणीताई म्हणतात, म्हणून मीही तसेच लिहीत आहे. मी प्रथम गेले तेव्हा भिंगरीसाठी एखादी बाहुली मागितली. ताईंनी बाहुली दिली नाही. त्यांनी विचारले, "हिला काय काय येतं ते सांगा. काय येत नाही ते फायलीत आहे." तोवर हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. ताई मग चटईवर भिंगरीच्या शेजारी चक्क आडव्या झाल्या आणि बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. उठल्या तेव्हा म्हणाल्या, "डावा गाल. काही हवं असलं की ही डावा गाल उशीत दाबते. बघितलंय कधी?" मी आई असून बघितले नव्हते.

नंतर खेळणे निवडणे सुरू झाले. झांजा वाजवणारे माकड आणले, तर त्या कर्कश आवाजाने भिंगरीचे अंग लाकडासारखे ताठ झाले. दिव्यांची आगगाडी ताईंनी कपाटातून अर्धी काढून पुन्हा आत सारली. हिला झटके येतात, लुकलुकणारा उजेड नको, म्हणाल्या. मऊ अस्वल गालाला लावले, पण ते काहीच करीत नसल्याने भिंगरीने त्याच्याकडे पाहुण्यांनी आणलेल्या फ्रॉककडे पाहावे तसे पाहिले. शेवटी पेटीच्या तळातून एक तपकिरी कुत्रा निघाला. त्याचा एक कान कोणीतरी चघळलेला होता. तो बसक्या आवाजात भुंकायचा, घसा बसलेल्या माणसासारखा. भिंगरी दचकली नाही. तिचे डोळे त्याच्यावर गेले आणि तिथेच थांबले. आमच्या भिंगरीचे डोळे थांबतात, हे मी त्या दिवशी पाहिले.

ताईंनी कुत्र्याच्या पोटाची शिवण उसवली, सेलकडे जाणारी तार तोडून बाहेर काढली व तिला बशीएवढे एक चपटे बटण जोडले. बटणावर स्पंज शिवला, म्हणजे गालाला टोचू नये. कुत्रा भुंकता भुंकता चालत जाऊन नजरेआड व्हायचा, म्हणून त्याचे पाय एका फळीवर स्क्रूने पक्के केले. बटण उशीवर ठेवले. मी तिचा गाल दाबायला पुढे झाले तर ताईंनी माझा हात धरला. "थांबा. तिचं काम तिला करू द्या." आम्ही थांबलो. फार वेळ काही झाले नाही. आणि मग कुत्रा भुंकला. भिंगरी आवाज न करता हसते, नुसते तोंड उघडून. तशी ती हसली आणि कुत्रा पुन्हा भुंकला. ताई म्हणाल्या, "हिच्या मनाने घडलेली ही पहिली गोष्ट."

४. यानंतर आमच्या घरात कुत्र्याने उच्छाद मांडला हे प्रांजळपणे नमूद करते. जेवताना भुंकणे, पाहुणे बोलत असताना भुंकणे, माझा आणि सासूबाईंचा शब्दाला शब्द लागला की नेमके मधे भुंकणे. समोरच्या दारातील शिवणकाम करणाऱ्या बाईंनी तर विचारले, "कुत्रा पाळलात की कुत्र्याने तुम्हाला?" असेच एका दुपारी तो थांबेचना. सासूबाई "आता बघतेच तुझ्याकडे" म्हणत रागावून आत गेल्या, गालावर चापट मारायला हात पुढे केला, तर गाल घामाने थबथबलेला आणि घशातून घरघर. त्यांनी तिला वळवले. मोठा कफ निघाला. त्या दिवसापासून आमच्या घरात कुत्रा भुंकला की हातातले टाकून धावायचे, हा नियम झाला. दहापैकी नऊ वेळा ती उगाच बोलावत असे. दहाव्या वेळेसाठी आम्ही नऊ वेळा आनंदाने धावत होतो.

५. वार्षिक पडताळणीत केंद्राच्या भांडारपालांना खेळणीघरातील वस्तू मूळ स्थितीत आढळल्या नाहीत. त्यांचा अहवाल मला नंतर वाचायला मिळाला. त्यात "कुत्रा, पोट फाडलेला" असे आहे. आत घुंगरू भरलेला चेंडू, ज्याच्या आवाजामागे एक दृष्टिहीन मुलगा अख्खे अंगण पळतो, तो "चेंडू, भोक पाडलेला". ज्या मुलीची मूठ उघडत नाही तिच्यासाठी चित्रांच्या तुकड्यांना लाकडी मुठी चिकटवल्या होत्या, ते "तुकड्यांस बाह्य पदार्थ लावलेला". एका मुलीच्या पायांत आधाराच्या पट्ट्या आहेत, म्हणून तिच्या बाहुलीलाही ताईंनी तशाच पट्ट्या बांधल्या होत्या. तिथे "बाहुलीस विनापरवाना पट्टे" असा शेरा आहे. शेवटी निष्कर्ष : शासकीय मालमत्तेची हेतुपुरस्सर मोडतोड.

हेतुपुरस्सर हा शब्द बरोबर आहे, महोदय. हेतू होताच.

ताईंना चौकशी होईपर्यंत कामावर येण्यास व कोणत्याही लाभार्थ्याच्या खेळण्यास हात लावण्यास मनाई झाली. खेळणीघराला सील लागले. घरोघरी दिलेली खेळणी "पडताळणीसाठी" परत मागवली. मी स्वतः कुत्रा, फळी व बटण पिशवीत घालून नेऊन दिले. दोन दिवसांत परत मिळेल असे खिडकीवर सांगितले होते. निघताना भिंगरीला मी तसे सांगितले. ती पिशवीकडे बघत होती.

६. दोन दिवसांनी कुत्र्याऐवजी वयोगटानुसार नवा संच मिळाला. त्यात उड्या मारायची दोरी, फेकायच्या कड्या, लोहचुंबकाचे बारीक तुकडे व एक शिट्टी आहे. माझी मुलगी उभी राहू शकत नाही, फेकू शकत नाही, बारीक तुकडा तोंडात गेला तर थुंकू शकत नाही. मला आवाज करणारे खेळणे हवे आहे असे मी सांगितले, तेव्हा उत्तर मिळाले, "शिट्टी आहे की संचात. आवाजच पाहिजे ना?" महोदय, जिला फुंकर मारता आली असती तिला मी हाक मारायला शिकवले असते.

घरी काही उपाय केले नाहीत असे नाही. दारावरची घंटा आणली. तिच्या आवाजाने भिंगरी ताठ होते आणि ताठ झाली की गाल बटणावरून सरकतो. बाजारातले नवे कुत्रे सगळे चिरक्या आवाजाचे. गल्लीतल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने आपुलकीने एक बटण जोडून दिले, पण ते दाबायला जोर लागे. संध्याकाळपर्यंत तिचा गाल सोलून निघाला आणि दुसऱ्या दिवशी तिने त्याच्याकडे बघणे सोडले. ताईंना मी फोन केला. त्या म्हणाल्या, "मी आत्ता येते. होईल ते होईल." मीच नको म्हटले. त्यांची चौकशी चालू होती.

७. त्या दिवशी मी बसमध्ये होते. गाडी आगारात आली तेव्हा नियंत्रकांनी खिडकीतून हाक मारली आणि माझी तिकिटांची पेटी स्वतःच्या हातात घेतली. तेवढ्यावरून मी समजले.

सासूबाई स्वयंपाकघरात भांडी लावत होत्या. आतून आवाज नव्हता. चादर बदलायला त्या आत गेल्या आणि हात लागला तो गार कपाळाला. त्यांच्या ओरडण्याने समोरच्या बाई शिवण टाकून आल्या, त्यांनी भिंगरीला उचलून खांद्यावर पालथे घातले आणि तसेच जिना उतरून गाडी गाठली. रुग्णालयात तिच्या नाकातोंडात नळ्या होत्या. काचेच्या दारातून मला फक्त तिचे तळपाय दिसत होते. बाहेर बाकावर सासूबाई एकच वाक्य म्हणत होत्या, "घर शांत होतं गं, म्हणून मला बरं वाटलं."

भिंगरी वाचली. डॉक्टरांचे पत्र सोबत आहे, त्यात मेंदूला प्राणवायू थोडा वेळ कमी पडल्याची नोंद आहे. त्यामुळे नेमके काय गेले हे ते सांगू शकत नाहीत. तिच्याजवळ आधीच मोजके होते, त्यातले काय गेले ते मीही अजून शोधते आहे. घरी आल्यापासून सासूबाई दिवसभर तिच्या छातीवर हात ठेवून बसतात. पाणी प्यायलाही उठत नाहीत. मी घरी पोहोचले की मगच हात काढतात, आणि तो हात आखडलेला असतो.

८. रुग्णालयातून आल्यावर मी भांडारात गेले. भांडारपाल वाईट मनुष्य नाहीत, हे मला लिहिलेच पाहिजे. त्यांनी सर्व ऐकून घेतले, खुर्ची दिली आणि म्हणाले, "बाई, वस्तू दिली तशी परत आली पाहिजे, एवढंच मला कळतं. सील मी तोडलं तर माझी नोकरी जाईल. मलाही घर आहे." मी त्यांना दोष दिला नाही. परंतु निघताना त्यांनीच सांगितले की, वस्तू मोडीत काढणारी निर्लेखन समिती गुरुवारी बसणार असून नादुरुस्त ठरलेली खेळणी त्याच दिवशी आवारात नष्ट करण्यात येतील.

९. गुरुवारी मी रजा टाकून भिंगरीला घेऊन गेले. तिच्या चाकाच्या खुर्चीला केंद्राच्या कार्यालयाच्या पायऱ्या चढता येत नाहीत. दोन शिपायांनी व मी मिळून ती उचलली. समितीच्या खोलीत टेबलावर खेळणी मांडली होती. कुत्रा प्लास्टिकच्या पिशवीत होता. भिंगरीने त्याला पाहिले आणि तिचे डोळे थांबले. रुग्णालयातून आल्यापासून ते प्रथमच थांबले होते.

समितीच्या अध्यक्षांनी सौजन्याने विचारले, "हे चालतं का, हे तरी दाखवा." बटण तिच्या गालाखाली ठेवले. आम्ही वाट पाहिली. कुत्रा भुंकला नाही. ती दाबत होती, मला दिसत होते, स्पंज खाली जात होता, पण कुत्रा मुका. एक सदस्य हळूच म्हणाले, "म्हणजे नादुरुस्तच आहे." तेवढ्यात भांडारपाल मागून म्हणाले, "सेल काढून ठेवलेत, साहेब. भांडारात वस्तू सेलसकट ठेवत नाहीत." नवे सेल मागणीपत्राशिवाय मिळत नव्हते. ते थोडा वेळ उभे राहिले, मग खुर्चीवर चढून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळातला एक सेल काढला, दुसरा शेजारच्या खोलीतल्या घड्याळातून काढला आणि कुत्र्याच्या पोटात घातला.

पण आता भिंगरी दाबेना. मघाशी इतके दाबून काही झाले नव्हते, तिने कशाला दाबावे? अध्यक्ष कागद गोळा करू लागले. मला तिचा गाल धरून दाबावासा वाटत होता. मी माझे दोन्ही हात पाठीमागे धरले आणि म्हटले, "तिला वेळ लागतो. कृपया थांबा." अध्यक्षांनी कागद खाली ठेवले. एक सदस्य पेनाचे टोपण लावत-काढत होते, तेही थांबले. शेवटी तिने नजर माझ्याकडे वळवली, मग कुत्र्याकडे, आणि गाल उशीत गेला.

कुत्रा भुंकला. एक शिपाई मोठ्याने हसला आणि त्याने तोंडावर हात ठेवला. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. भिंगरी पुन्हा पुन्हा दाबत राहिली, तिला थांबवायला कोणी सांगितले नाही.

तथापि अध्यक्ष म्हणाले की, आदेश मुख्य कार्यालयाचा असल्याने तोंडी बदलता येत नाही. खेळणी नष्ट करणे सोमवारपर्यंत पुढे ढकलले आहे, तोवर लेखी मंजुरी आणावी. माझ्या विनंतीवरून भांडारपालांनी कुत्रा सोमवारपर्यंत "बाह्य तपासणीसाठी" म्हणून स्वतःच्या सहीने माझ्या ताब्यात दिला व मी हमीपत्र लिहून दिले. म्हणून हा अर्ज.

१०. कालपासून कुत्रा घरी आहे. सासूबाईंनी आज स्वतः उठून पाणी घेतले. भिंगरी पूर्वीपेक्षा कमी वेळा बोलावते. तिला दाबायला जास्त वेळ लागतो, मधेच ती थकते. परंतु बोलावते. आम्ही धावतो.

तरी नम्र विनंती की, हा कुत्रा फळी व बटणासह तिच्याकडे कायम राहू द्यावा. टेबलावरच्या इतर खेळण्यांपैकी प्रत्येक खेळणे कोणत्या तरी एकाच मुलासाठी केलेले आहे व त्या मुलाशिवाय जगात दुसऱ्या कोणाच्या उपयोगाचे नाही. ती त्या त्या घरी परत पाठवावीत. घुंगरांच्या चेंडूचा मुलगा सध्या अंगणात भिंतीला धरून बसतो, असे त्याच्या आईने गुरुवारी मला जिन्यात सांगितले. खेळणीताईंना कामावर घ्यावे. त्यांनी वस्तू बिघडवली की लावून दिली, याची चौकशी करायचीच असेल तर ती मुलांसमोर करावी. भांडारपालांवर त्यांनी केलेल्या उपकाराबद्दल कारवाई होऊ नये.

मंजुरी सोमवारपर्यंत आली नाही तर माझ्याकडून हमीपत्राचा भंग होणार नाही, याची खात्री बाळगावी. भांडारपालांची नोकरी माझ्या शब्दावर टांगलेली आहे आणि माझ्या पेशात दिलेला शब्द व दिलेले तिकीट परत घेत नाहीत. कार्यालय उघडताच मी कुत्रा घेऊन दारात हजर असेन. मात्र तो पिशवीत नसेल. तो भिंगरीच्या खुर्चीला बांधलेल्या फळीवर असेल आणि बटण तिच्या गालाखाली असेल. ते तिथून मी काढणार नाही. कार्यालयाने ज्यांच्याकडे ते काम सोपवले असेल त्यांनी काढावे. फक्त काढण्यापूर्वी कशासाठी काढतो हे तिला सांगावे. तिला ऐकू येते. ती उत्तर देईल. ते येईपर्यंत थांबावे.

कळावे,

आपल्या लेखी उत्तराची वाट पाहणारी,

(सही)
भिंगरीची आई
वाहक, शहर बससेवा

दिनांक : शुक्रवार

सोबत :
१. रुग्णालयातील डॉक्टरांचे पत्र.
२. "बाह्य तपासणीसाठी" दिलेल्या खेळण्याची पोच, प्रत.
३. परत आलेले दोन अर्ज, आहेत तसे.